थेट मूल कोणते, नातवंड कोणते? : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या टपालात जेक्वेरीचे (वेब पानांसाठीच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीचे) प्रश्न इतके आले की बाकीचे सगळे पुढच्या अंकावर ढकलले आहेत. गंमत म्हणजे बहुतेकांचे दुखणे एकच आहे: एकात एक घातलेल्या एलिमेंटमधून (पानातल्या टॅगच्या घटकांमधून) फक्त पहिल्या पातळीवरचे कसे उचलायचे. छपाईबद्दल एक सूचना. टॅगची आणि मेथडची नावे आपण इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत देतो. टाइप करताना ती अर्थातच रोमन अक्षरांत करा. आयडी आणि क्लासची नावे मात्र देवनागरीत ठेवली तरी ब्राउझर कुरकुर करत नाही.

प्रश्न : मॅडम, माझ्या पानावर ‘मुख्य’ आयडीची एक यूएल यादी आहे. तिच्यात चार एलआय (यादीच्या ओळी), आणि त्यांतल्या दोघांच्या पोटात पुन्हा यूएल-एलआय अशी उपयादी. मला फक्त वरच्या चार ओळींना चौकट द्यायची होती, म्हणून मी $('यूएल > एलआय') लिहिले. चौकट सगळ्यांनाच आली. > हे चिन्ह ‘थेट मूल’ असेच सांगते ना?

तसेच सांगते, आणि तुमच्या पानावर त्याने चोख काम केले आहे. जेक्वेरी प्रत्येक एलआयला एकच प्रश्न विचारते: तुझा लगेचचा पालक यूएल आहे का? वरची एलआय म्हणते, हो. उपयादीतली एलआयही म्हणते, हो, कारण तिचाही लगेचचा पालक यूएलच आहे, फक्त दुसरा. नीट लिहिलेल्या यादीत कुठल्या ना कुठल्या यूएलची थेट मूल नसलेली एलआय सहसा सापडतच नाही. त्यामुळे या सिलेक्टरमधले (काय निवडायचे ते सांगणाऱ्या मजकुरातले) > काहीच गाळत नाही. नुसते ‘यूएल एलआय’ लिहिले असते तरी तीच मंडळी हाती आली असती.

> हे चिन्ह फक्त दोघांमधले अंतर सांगते. पालक नेमका कोणता, हे तुम्हालाच सांगावे लागते. म्हणून आधी वरचे टोक बांधा:

$('#मुख्य > एलआय')

आता प्रश्न बदलला. तुझा लगेचचा पालक ‘मुख्य’ आयडीचा आहे का? आतल्या एलआयचा पालक बिनआयडीचा, ती बाद. चार मागितल्या, चार मिळाल्या.

हेच काम $('#मुख्य').चिल्ड्रन('एलआय') असेही होते. दोन्हींत बरोबर कोणते, असे मला नेहमी विचारतात. दोन्ही बरोबर आहेत. माझी सवय सांगते. पालकाचे नाव मला सिलेक्टरमध्ये लिहिता येत असेल तर मी > वापरते, कारण एका ओळीत सगळे वाचता येते. पण पालक आधीच व्हेरिएबलमध्ये असेल, फंक्शनला बाहेरून मिळालेला असेल, किंवा हँडलरमधला (क्लिकसारख्या घटनेवर चालणाऱ्या फंक्शनमधला) धिस असेल, तर चिल्ड्रन. तिथे पालकाचे नाव आपल्याला ठाऊकच नसते आणि असण्याची गरजही नाही. काही जुन्या कोडमध्ये $('> एलआय', धिस) असा प्रकार दिसेल. तो चालतो, पण जेक्वेरीच्या स्वतःच्या मार्गदर्शिकेतच तो टाळावा असे म्हटले आहे. नव्याने लिहिताना त्याच्या नादी लागू नका.

फाइंड ही मेथड वेगळी. ती पोटात शिरली की तळापर्यंत जाते. मुले, नातवंडे, पतवंडे, जे जुळेल ते आणते. चिल्ड्रन एक पायरी उतरते आणि थांबते. आयडीऐवजी क्लास वापरत असाल तर आणखी एक खाचखळगा आहे. ‘.यादी > एलआय’ लिहिलेत आणि कुणीतरी उपयादीलाही ‘यादी’ हाच क्लास देऊन ठेवला असेल, तर गाडी पुन्हा मूळ पदावर. अशा वेळी $('.यादी').नॉट('.यादी .यादी').चिल्ड्रन('एलआय') लिहावे. म्हणजे जी यादी दुसऱ्या यादीच्या पोटात आहे ती आधी वगळली जाते आणि उरलेल्यांची मुले घेतली जातात.

जाता जाता: हे चिन्ह जेक्वेरीचे नाही. पानाचे रूप ठरवणाऱ्या सीएसएस भाषेत ते 1998 च्या सीएसएस 2 मध्येच आले होते. पण जॉन रेसिग यांनी 2006 मध्ये जेक्वेरी लोकांसमोर ठेवली तेव्हा सर्रास वापरात असलेल्या इंटरनेट एक्सप्लोरर 6 ला ते कळत नव्हते. स्टाइलशीटमध्ये लिहिले तर तो नियमच सोडून देई. जेक्वेरीत लिहिले तर चाले, कारण शोधाशोध ती स्वतः करी.

प्रश्न : मी $('#मुख्य > एलआय') असेच लिहिले आहे. लेंग्थ (निवडलेल्यांची संख्या) 4 दाखवते, म्हणजे निवड बरोबर आहे. तरी .सीएसएस('कलर', 'रेड') केल्यावर उपयादीतली अक्षरेही लाल होतात. जेक्वेरीत दोष आहे का?

लेंग्थ तपासलीत, निम्मे काम तिथेच झाले. दोष कुणाचाच नाही. रंग लागला चौघांनाच. आतल्यांनी तो वारशाने घेतला. सीएसएसमध्ये काही गुणधर्म पालकाकडून मुलांकडे आपोआप उतरतात. अक्षरांचा रंग, फाँट, अक्षरांचा आकार, ओळींमधले अंतर, यादीच्या ठिपक्यांची तऱ्हा, हे सगळे त्यातले. चौकट, पॅडिंग, मार्जिन, पार्श्वभूमी उतरत नाहीत.

त्यामुळे निवड तपासायला रंग हे सर्वांत फसवे साधन आहे. पार्श्वभूमीही तितकीच फसवी: ती वारशाने जात नाही, पण आतले एलिमेंट पारदर्शक असतात, मागचा रंग त्यांच्यातून दिसतो आणि वाटते की त्यांनाही लागला. मी तपासताना आउटलाइन देते. ती उतरत नाही आणि जागाही खात नाही. चौकट दिली की दोन-दोन पिक्सेलने सगळे पान हलते आणि भलतेच काहीतरी बिघडल्याचा भास होतो.

उपाय दोन. वरच्या ओळीचे अक्षर स्पॅनमध्ये ठेवले असेल तर रंग एलआयला न देता ‘#मुख्य > एलआय > स्पॅन’ ला द्या. उपयादी त्या स्पॅनच्या बाहेर आहे, तिला झळ लागणार नाही. किंवा उपयादीला तिचा स्वतःचा रंग स्टाइलशीटमध्ये ठरवून द्या, म्हणजे वारसा घ्यायची वेळच येत नाही. उद्या ओळींमध्ये लिंक आल्या तर याच्या उलट तक्रार घेऊन याल: एलआय लाल केली तरी लिंक निळीच. ब्राउझर लिंकला स्वतःचा रंग देतो, म्हणून ती पालकाचे ऐकत नाही.

याच कुळातला आणखी एक प्रश्न टपालात होता, तो इथेच निकालात काढते. वरची एलआय हाइड करून तिच्या आतली एकच ओळ शो करता येईल का? नाही. डिस्प्ले नन झालेल्या पालकाच्या पोटातले काहीही दिसत नाही. मुलाला कितीही शो करा. व्हिजिबिलिटी हा गुणधर्म मात्र वारशाने उतरतो आणि मुलाला तो झुगारता येतो. पालक अदृश्य, मूल दृश्य असे त्याने जमते, पण पालकाची जागा रिकामी अडून राहते.

प्रश्न : टेबलला ‘तक्ता’ असा आयडी आहे, आत सरळ टीआर (टेबलच्या ओळी) लिहिलेत. $('#तक्ता > टीआर').लेंग्थ शून्य येते! ‘>’ काढले की बरोबर आकडा येतो.

तुम्ही सरळ टीआर लिहिलेत, पण ब्राउझरने ते तसे ठेवले नाहीत. एचटीएमएल वाचताना टेबलच्या आत थेट टीआर दिसला की ब्राउझर मध्ये स्वतःहून एक टीबॉडी (ओळींचा गट) घालतो. नियमच तसा आहे. पानाचा मूळ सोर्स उघडलात तर तो दिसणार नाही, कारण तिथे तुम्ही लिहिलेलेच दिसते. डेव्हलपर टूल्समध्ये एलिमेंटचे झाड उघडा. टीबॉडी तिथे ऐटीत बसलेला असेल. टीआर हे टेबलचे मूल नसून नातवंड आहे. जेक्वेरी झाड वाचते, तुमची फाइल वाचत नाही.

लिहायचे असे: $('#तक्ता > टीबॉडी > टीआर'). यात टीहेडमधली शीर्षकाची ओळ येत नाही, आणि बहुतेकदा तेच हवे असते. टेबलाच्या खणात दुसरे टेबल असेल तर त्याच्या ओळीही येत नाहीत. > काढून मिळणाऱ्या आकड्यात त्या मिसळल्या असत्या. शीर्षकासकट सगळ्या ओळी हव्यात पण आतल्या टेबलाच्या नकोत, तर जेक्वेरीला बाजूला ठेवून टेबलाच्याच रोज या गुणधर्माला विचारा: $('#तक्ता')[0].रोज. तो फक्त स्वतःच्या ओळी देतो.

ब्राउझरची ही परस्पर डागडुजी टेबलापुरती नाही. पी टॅगच्या आत यूएल किंवा डिव्ह लिहिलात तर ब्राउझर पी तिथेच बंद करतो आणि यूएल त्याच्या शेजारी, भावंड म्हणून बसते. मग ‘पी > यूएल’ शोधत बसा. तुमचा शेवटचा बंद करणारा पी टॅग उरतो, त्याचा एक रिकामा पी तयार होतो, तो वेगळाच. फॉर्मच्या आत फॉर्म लिहिला तर आतल्याचा उघडणारा टॅग सरळ टाकून दिला जातो.

आणि हे सगळे गुपचूप होते. काहीच न सापडलेली जेक्वेरी रिकामा संच देते, त्यावर कितीही मेथड चालवा, ती चूक दाखवत नाही. शून्य ओळींना लाल रंग देऊन ती समाधानी असते. म्हणून निवड जुळत नाही असे वाटले की कन्सोलमध्ये आधी लेंग्थ. शून्य असेल तर झाड बघा. जास्त असेल तर पालक बांधायचा राहिलाय.

प्रश्न : वरच्या ओळीवर क्लिक केले की तिची उपयादी उघडते-मिटते. हँडलर फक्त $('#मुख्य > एलआय') ला लावला आहे. पण उघडलेल्या उपयादीतल्या ओळीवर क्लिक केले की अख्खी उपयादी मिटते. आतल्या ओळींना तर मी हँडलर लावलेलाच नाही!

हा या वेळचा सगळ्यांत चांगला प्रश्न. हँडलर लावला नाही हे खरे, पण क्लिक जिथे होते तिथेच थांबत नाही. ते ज्या एलिमेंटवर झाले तिथून पालकाकडे, त्याच्या पालकाकडे असे थेट डॉक्युमेंटपर्यंत बुडबुड्यासारखे वर जाते. वाटेत तुमची वरची एलआय लागते, तिचा हँडलर चालतो, यादी मिटते. सिलेक्टरमधले > हँडलर कुणाला लावायचा एवढेच ठरवते. क्लिक कुठून आले याच्याशी त्याचे देणेघेणे नाही.

बरेच जण इथे आतल्या ओळींवर स्टॉपप्रोपगेशन ठोकून देतात. काम होते, पण मला ते आवडत नाही. मेनूच्या बाहेर क्लिक केले की मेनू बंद व्हावा, यासाठी कुणीतरी डॉक्युमेंटवर कान लावून बसलेले असते. वापर मोजणारी स्क्रिप्टही तिथेच असते. तुम्ही मधेच वाट अडवली की त्यांना काही कळत नाही, आणि तो बिघाड महिनाभराने दुसऱ्याच कुणाच्या तरी गळ्यात पडतो.

त्यापेक्षा हँडलरमध्ये शिरल्याबरोबर विचारा की हे क्लिक माझेच आहे का. हँडलरमधला धिस म्हणजे वरची एलआय. इव्हेंट.टार्गेट म्हणजे ज्यावर प्रत्यक्ष बोट पडले ते. नुसते हे दोन समान आहेत का असे तपासू नका, कारण एलआयच्या आतल्या स्पॅनवर किंवा आयकॉनवर क्लिक झाले तर टार्गेट स्पॅन असतो आणि तुमचीच ओळ दाद देईनाशी होते. टार्गेटपासून वर चढत पहिली एलआय कोणती लागते ते बघा:

इफ ($(इव्हेंट.टार्गेट).क्लोजेस्ट('एलआय')[0] !== धिस) रिटर्न;

क्लोजेस्ट स्वतःपासून सुरुवात करते आणि जुळणारा पहिला एलिमेंट मिळाला की थांबते. आतल्या ओळीवर क्लिक झाले असेल तर तिला आतली एलआय मिळेल, ती धिस नाही, आपण गप्प परत फिरायचे. कोणाचीही वाट अडत नाही.

यानंतरची ओळ तुम्ही पत्रात दिली आहे: $(धिस).फाइंड('यूएल').स्लाइडटॉगल(). इथेही चिल्ड्रन हवे. सध्या तुमची यादी दोनच पातळ्यांची आहे म्हणून फरक जाणवत नाही. तिसरी पातळी आली की फाइंड तिच्याही यूएलला टॉगल करील: एका क्लिकसरशी सगळे मजले उघडतील, आणि आधी हाताने उघडलेला मजला उलट मिटेल.

नंतर कोडने भरलेल्या ओळींनाही क्लिक चालावे असे असेल, तर हँडलर यादीलाच लावा: $('#मुख्य').ऑन('क्लिक', '> एलआय', फंक्शन). इथे > ने सुरू होणारा सिलेक्टर जेक्वेरी ‘मुख्य’च्या संदर्भात तपासते, म्हणून तो बिनधास्त वापरा. वरची क्लोजेस्टची ओळ मात्र इथेही लागेल. बुडबुडा याही वाटेने येतोच.

प्रश्न : एलआयमधला फक्त तिचा स्वतःचा मजकूर हवा आहे. टेक्स्ट() केले की उपयादीचे सगळे शब्दही चिकटून येतात.

टेक्स्ट तळापर्यंतचे सगळे गोळा करते. चिल्ड्रन इथे उपयोगाची नाही, कारण ती फक्त एलिमेंट देते, मोकळा मजकूर देत नाही. कंटेंट्स ही मेथड मजकुराचे तुकडे आणि कॉमेंटसुद्धा देते. त्यातून नोडटाइप 3 (म्हणजे मजकूर) असलेले फिल्टरने वेगळे काढा, मग त्यांच्यावर टेक्स्ट, आणि शेवटी ट्रिम, नाहीतर कोडमधल्या मोकळ्या जागा आणि नव्या ओळी पदरात पडतील. मजकुराचा काही भाग ठळक टॅगमध्ये असेल तर तो यातून सुटेल. तशी शक्यता असल्यास दुसरा मार्ग: एलआयचा क्लोन करा, क्लोनमधून .चिल्ड्रन('यूएल').रिमूव्ह() करा, .एंड() ने क्लोनवर परत या आणि .टेक्स्ट() घ्या. मूळ पानाला धक्का लागत नाही.

प्रश्न : माझ्या टॅबच्या पेटीत दुसरी टॅबची पेटी आहे. दोन्हींना ‘पेटी’ हाच क्लास, बटणांना ‘बटण’. बटणे पेटीची थेट मुले नाहीत, मध्ये कधी एक डिव्ह असतो, कधी दोन. बाहेरच्या पेटीची बटणे तेवढी कशी मिळवू?

इथे > आणि चिल्ड्रन दोन्ही कुचकामी, कारण अंतर ठरलेले नाही. तुम्हाला ‘थेट मूल’ नकोच आहे. ‘या पेटीचे, मधल्या दुसऱ्या पेटीचे नव्हे’ असे नाते हवे आहे. म्हणून दिशा उलटी करा. फाइंडने सगळी बटणे गोळा करा, मग प्रत्येक बटणाकडून विचारा की तुझी सर्वांत जवळची पेटी कोणती. बाहेरच्या पेटीचा एलिमेंट ‘मूळ’ या व्हेरिएबलमध्ये असेल तर फिल्टरच्या फंक्शनमध्ये एवढेच लिहायचे:

रिटर्न $(धिस).क्लोजेस्ट('.पेटी')[0] === मूळ;

पेटीत पेटी कितीही खोल गेली तरी हे चालते. लोक याऐवजी चिल्ड्रन().चिल्ड्रन().चिल्ड्रन() अशी माळ ओवतात; कुणीतरी मांडणीसाठी एक डिव्ह मध्ये घातला की ती तुटते. प्लगइन लिहिणाऱ्यांनी तर हे फिल्टर पाठच करावे. आपले प्लगइन कधीतरी स्वतःच्याच पोटात वापरले जाणार, हे धरून चालायचे.

प्रश्न : ज्यांच्या पोटात उपयादी आहे अशाच वरच्या ओळींना बाण लावायचा आहे.

$('#मुख्य > एलआय:हॅज(> यूएल)'). हॅजच्या कंसातही > लिहायला विसरू नका, नाहीतर एखाद्या ओळीतल्या डिव्हमध्ये कुठेतरी खोल यूएल असली तरी तिला बाण लागेल.

प्रश्न : आमच्या नव्या प्रकल्पात जेक्वेरी नाही. साध्या जावास्क्रिप्टमध्ये पेटी.क्वेरीसिलेक्टरऑल('> एलआय') लिहिले तर सिंटॅक्स एरर येतो. मग काय करू?

> ने सुरुवात ब्राउझरला चालत नाही. ती मुभा जेक्वेरीने दिली होती. ‘:स्कोप > एलआय’ लिहा. स्कोप म्हणजे ज्या एलिमेंटवर तुम्ही शोध चालवला तो. किंवा पेटी.चिल्ड्रन हा गुणधर्म घ्या. इथे चिल्ड्रनपुढे कंस नाहीत, आणि मिळणारी यादी जिवंत असते: मूल काढले की ती तिथल्या तिथे आखडते. तिच्यावर फॉर लूप चालवत मुले काढायला गेलात तर एकआड एक सुटतील. आधी अॅरे.फ्रॉम करून घ्या. जेक्वेरीच्या चिल्ड्रन() ने दिलेला संच असा हलत नाही.

सवय नसलेल्यांना आणखी एक ठेच लागते. पेटी.क्वेरीसिलेक्टरऑल('डिव्ह पी') लिहिले की वाटते, पेटीच्या आत डिव्ह आणि त्या डिव्हच्या आत पी. पण ब्राउझर सिलेक्टर सगळ्या डॉक्युमेंटवर ताडून बघतो आणि शेवटचा पी पेटीत आहे ना एवढेच पाहतो. डिव्ह पेटीच्या बाहेर असला तरी त्याला चालते! पेटी स्वतःच एखाद्या डिव्हमध्ये असेल, आणि बहुधा असतेच, तर तिच्यातले सगळे पी येतील. जेक्वेरीचे फाइंड असे करत नाही. ती वर्षानुवर्षे आतल्या आत पेटीला एक तात्पुरता आयडी चिकटवून, तो सिलेक्टरच्या पुढे जोडून, काम झाले की काढून टाकत आली. तुम्हाला ते कधी दिसले नाही, म्हणून आता एकदम वेगळे वाटते आहे. इथेही ‘:स्कोप डिव्ह पी’ लिहिले की भागते.

जुन्या कोडचे रूपांतर करताना मी फाइंडची प्रत्येक ओळ थांबून वाचते. सिलेक्टरमध्ये एकच शब्द असेल तर नुसती मेथड बदलली तरी चालते. दोन शब्द दिसले की पुढे :स्कोप.